सत्कार आवरा, कवींना वेळ द्या

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी एक दिवसाचे साहित्य संमेलन झाले. दहाचे उद्घाटन पावणेबाराला सुरू झाले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मग शाल-श्रीफळांची रांग. नवोदितांचे कविसंमेलन दुपारी तीनचे होते, ते सातला लागले, तेव्हा मांडववाला खुर्च्या गोळा करत होता. ‘एकच कविता, तीही छोटी’ अशी तंबी मिळाली. दोन गाड्या बदलून आलेली एक मुलगी शेवटच्या एसटीसाठी कविता न वाचताच निघून गेली.

अशा संमेलनांची सुरुवात करताना न्या. रानडे आणि लोकहितवादींनी १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांना बोलावले, ते लिहिणाऱ्यांनी एकमेकांना भेटावे म्हणून. आता भेटतात ते प्रायोजक आणि पुढारी.

शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये गावोगावी आहेत. आमच्याही ग्रंथालयात सकाळी वर्तमानपत्रांभोवती पाच-सात ज्येष्ठ असतात, संध्याकाळी खोली रिकामी. महिन्यातल्या एका रविवारी ती दोन तास द्यावी. कुणी कविता वाचेल, कुणी नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलेल. माईक नको, हार नकोत. चहाची वर्गणी आम्ही काढू. ‘पुस्तकांचे गाव’ भिलारच्या गावकऱ्यांनी २०१७ पासून पुस्तकांसाठी आपली राहती घरे उघडली. आम्ही तर फक्त एका खोलीची किल्ली मागतो आहोत.

– एक वाचक, जि. सातारा