रिकामा रकाना

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

कड्यावरचे समुद्रपक्षी मोजताना धुक्यात कड्याचा तिसरा भाग दिसेना, तेव्हा तिथे कालचाच आकडा लिहून टाकावा असं वाटलं, हे तू मोकळेपणाने लिहिलंस, बरं केलंस. मी जन्मभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या. पक्ष्यांतलं मला काही कळत नाही, पण रकान्यांतलं कळतं. शून्य म्हणजे पाहिलं आणि पक्षी नव्हते. रिकामा रकाना म्हणजे पाहिलंच नाही. ‘धुकं, मोजणी नाही’ एवढं लिही. आणि चुकलेल्या आकड्यावर आडवी रेघ मार. खोडायचं नाही, खालचं वाचता आलं पाहिजे.

तू प्राणिशास्त्र घेतलंस तेव्हा वाटलं होतं, पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत बसशील. तू पहिल्याच वर्षी किनाऱ्यावर वाहून आलेले मेलेले पक्षी मोजायला लागलीस. पंखांची मापं घेऊन यायचीस आणि आई तुला दारातच अडवायची. मग महिनोन् महिने पक्ष्यांच्या वसाहतीच्या फोटोंवर एकेका घरट्याला टिंब देत बसलीस. त्यानंतर कुठे पक्षी हातात धरायला मिळाला, तोही अनुभवी माणूस शेजारी उभा असताना. ‘हे सगळं फुकटात?’ म्हणून मी कुरकुरलो होतो. आजही थोडा कुरकुरतोच.

पण तू सांगितलेली त्या अल्बट्रॉसची, त्या मोठ्या समुद्रपक्ष्याची, गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. पक्षीशास्त्रज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी १९५६ साली पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर एका मादीच्या पायात नंबराची रिंग घातली. रिंगा झिजतात, म्हणून मधल्या काळात तिच्या पायातली रिंग बदलली गेली. २००२ साली तिथेच एक मादी पुन्हा त्यांच्याच हाती लागली. रिंगेच्या नंबरावरून मागच्या नोंदी शोधत गेले, तर ही तीच, ४६ वर्षांपूर्वीची! तिचं नाव विज्डम. २०२४ च्या अखेरीस तिने पुन्हा अंडं घातलं. रिंग बदलताना कुणी जुना नंबर टिपायचा कंटाळा केला असता, तर ती कुणीतरी एक मादी राहिली असती. त्या मधल्या कारकुनांची नावं मला ठाऊक नाहीत, पण ती माझ्या जातकुळीची माणसं.

फुलमार पक्ष्याने अंगावर पोटातलं तेल ओकलं हे वाचून आई हसली, मीही हसलो. बिळात खांद्यापर्यंत हात घालतेस त्याचीही भीती वाटत नाही. भीती ओल्या कड्याची वाटते. बिळात घरटी करणारे ते शिअरवॉटर पक्षी अंधाऱ्या रात्रीच बिळाकडे येतात, म्हणून तुम्हीही रात्रीच हिंडणार, हे समजतं. तरी एकटी जाऊ नकोस. वारा चढला तर त्या रात्रीचाही रकाना रिकामा राहू दे.

पेन्सिली पाठवतोय. शाई पावसात पसरते, हे तूच म्हणालीस. आणि सात नंबरच्या बिळातल्या पिलाचं वजन मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. वाढलं का?

तुझे,
बाबा