चार कागदांचे आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

जपानी दिग्दर्शक सुझुकी सेइजुनच्या चित्रपटांचं सिंहावलोकन संपून पंधरवडा झाला. फोनवर आभार मानायला गेलो तर तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणत विषय बदललात. म्हणून आज चारचौघांत लिहितोय.

टोकियोत सात वर्षं काढूनही माझं जपानी ऑफिसपुरतं आणि दुकानातल्या हिशेबापुरतंच. महोत्सवात सबटायटल्स नाहीत हे कळल्यावर मी नाद सोडला होता. तुम्ही सोडू दिला नाहीत. चार चित्रपटांचे चार कागद, पाठपोट तुमच्या बारीक अक्षरात मराठी. कोण कुणाचा माणूस, कुणाचं कुणाशी वैर, कुठल्या शब्दावरून ठिणगी पडते. दिवसभर भाषांतराचं काम करून तुम्ही रात्री हे लिहीत होतात. तुम्ही बोलला नाहीत, पण तिसऱ्या कागदाच्या तळाशी ‘२ वाजले, उरलेलं उद्या’ हे खोडायचं राहून गेलं होतं.

निशी-कासाईहून तोझाई लाइनने जाताना मी ते वाचायचो, म्हणजे अंधारात फक्त पडद्याकडे बघता यायचं. ‘कांतो वांडरर’च्या (१९६३) कागदावर जुगाराच्या अड्ड्यावरच्या मारामारीपाशी तुम्ही एवढंच लिहिलं होतं: ‘इथे काही सांगत नाही.’ तलवार चालली, कागदी दारं धडाधड कोसळली आणि मागे सगळं लालभडक. माझ्या शेजारचे आजोबा खुर्चीत पुढे सरकले. मीही सरकलो होतो. तुम्ही आधी सांगितलं असतंत तर तो लाल रंग माझ्या अंगावर आला नसता.

रांगेत उभं असताना तुम्ही १९६८ ची हकिकत सांगितलीत, तीही मला इथे लिहून ठेवायची आहे. १९५६ पासून बारा वर्षांत निक्कात्सु कंपनीसाठी चाळीस चित्रपट केलेला हा माणूस. बहुतेक दुय्यम दर्जाचे, मुख्य चित्रपटाला जोडून दाखवायचे, पटकथाही कंपनीने हातात ठेवलेली. त्यातूनच त्याने निळ्या सुटातला ‘टोकियो ड्रिफ्टर’ (१९६६) काढला, आणि रटरटणाऱ्या भाताच्या वासाने वेडा होणारा मारेकरी ‘ब्रँडेड टू किल’मध्ये (१९६७) उभा केला. कंपनीचे अध्यक्ष होरी क्यूसाकू यांचं म्हणणं, याचे चित्रपट कुणाला समजत नाहीत. त्यांनी त्याला काढून टाकलं. त्याच सुमाराला कावाकिता काझुको यांच्या सिने क्लबाने त्याच्या चित्रपटांचं सिंहावलोकन ठरवलं होतं, तर होरींनी प्रिंट द्यायलाच नकार दिला. विद्यार्थी, समीक्षक, दिग्दर्शक रस्त्यावर उतरले. सुझुकीने दावा लावला. १९७१ मध्ये तडजोड झाली, पण कुठलीही मोठी कंपनी त्याला उभं करीना. पुढचा चित्रपट थेट १९७७ साली.

हे ऐकल्यावर माझ्या हातातलं तिकीट मला निराळंच वाटू लागलं, ताई. जे बघायला तेव्हाच्या लोकांना मोर्चा काढावा लागला, ते मी सबटायटल्स नाहीत म्हणून सोडून देणार होतो.

आणि तो चौथा कागद, ‘झिगॉयनरवाइझेन’चा (१९८०). थिएटरं मिळेनात म्हणून निर्माते आरातो गेन्जिरो यांनी हवेने फुगवलेल्या तंबूत दाखवलेला चित्रपट. वर्षाअखेरीस जपानमधले मोठे पुरस्कार त्यालाच. बाकीचे तीन कागद गच्च भरलेले होते, यावर मात्र जेमतेम सहा ओळी. मला वाटलं, तुम्ही थकलात. पण शेवटची ओळ होती: ‘तबकडी लागली की डोळे मिटून ऐका.’

ऐकलं. दोन मित्र व्हायोलिनवादक सारासातेची जुनी तबकडी लावून बसलेत. व्हायोलिन चालू असताना मधेच वादक स्वतःच काहीतरी पुटपुटतो. काय म्हणाला, एक मित्र दुसऱ्याला विचारतो. दुसऱ्यालाही कळलेलं नसतं. त्या काळोख्या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी कुणालाच कळलं नव्हतं, जपानी येणाऱ्यांनाही नाही, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच मी त्या सगळ्यांच्या बरोबरीने बसलो होतो.

कागद जपून ठेवलेत. रविवारी घरी या, आंबेमोहोर आलाय गावाहून. भात लावतो.

तुमचा,
निशी-कासाईचा धाकटा भाऊ