समुपदेशक नेमाल, पण मुलं जातील का?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. पगार कुठून द्यायचा यावर संघटना आपल्याशी बोलतीलच. मला पुढचं विचारायचंय: नेमल्यावर मुलं त्यांच्याकडे जाणार आहेत का?

आमच्याकडे समुपदेशक बाई आठवड्यातून दोनदा येतात. खोली मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून, दारावर ठसठशीत पाटी. मधल्या सुट्टीत अख्खी शाळा त्याच व्हरांड्यातून जाते. नववीतला एखादा बाहेर पडला की मागून आरोळी येते, "काय रे, येरवड्याला कधी?" येरवड्यात मनोरुग्णालय आहे, पुण्यात याचा अर्थ सांगावा लागत नाही. तो मुलगा पुन्हा तिकडे फिरकत नाही, बघणारे तर नाहीच नाही.

घरीही तेच. घसा सुजला तर रजेच्या चिठ्ठीत तसं लिहून येतं. परीक्षेच्या धास्तीने रात्र रात्र न झोपणाऱ्या मुलीच्या चिठ्ठीत मात्र 'पोटात दुखत होते'. डॉक्टरांना दाखवा म्हटलं की पालक आधी विचारतात, "दाखल्यावर काही लिहिणार नाही ना, मॅडम?" मग तिच्या लग्नाची काळजी. मुलगी चौदा वर्षांची!

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. म्हणजे साठच्या वर्गात चार. ते चार कोण, हे वर्गशिक्षकाला बहुधा सगळ्यात शेवटी कळतं.

१० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, निबंधस्पर्धा घ्या, पोस्टरं लावा, हरकत नाही. त्याने फारसं हलत नाही, एवढंच. आजारातून सावरलेल्या माणसाशी समोरासमोर बोलल्याने भीती आणि लाज कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. अशी एखादी व्यक्ती नववीच्या वर्गात तासभर बसू दे, मुलांना हवे ते प्रश्न विचारू दे. पुण्यात या कामातल्या संस्था आहेत, माणसं मिळतील.

दुसरं, प्रत्येक मुलाची समुपदेशकांशी सत्रात एकदा पंधरा मिनिटांची भेट वेळापत्रकातच घाला, हजेरी क्रमांकाने. सगळेच जायला लागले की आरोळी कुणाला ठोकणार? सहाशे मुलांना दीडशे तास लागतात, दोन दिवसांच्या बाईंकडून ते व्हायचं नाही. म्हणून पूर्णवेळ पद मागते आहे. आणि ती खोली केबिनपासून लांब असू दे.

'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक बालभारतीने प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापावा.

राहिली दाखल्याची भीती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेलाच आहे. समुपदेशनाची नोंद कुठल्याही दाखल्यावर येणार नाही, एवढं एका पानाचं परिपत्रक आपल्या विभागाने काढलं, तर आम्ही ते पालकसभेत वाचून दाखवू. जूनमधल्या पहिल्या सभेआधी मिळालं तर बरं होईल.

आपली,
पुण्यातील एक माध्यमिक शिक्षिका