आईच्या दोडक्याचं बी

शाहूपुरी, कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सोबतच्या पुडीत आईच्या दोडक्याचं बी आहे, मोजून ३० बिया. निम्म्या लाव, निम्म्या तुझ्याकडं राहू देत. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पंचगंगा शिरली तेव्हापासून वाटतं, बी एकाच घरात असू नये.

यंदा तर ते हातचं जाता जाता राहिलं. दोन पावसाळे गॅसजवळच्या फळीवर सैल झाकणाच्या डब्यात होतं. अक्षय्य तृतीयेला २० बिया लावल्या, उगवल्या तीन. रोज सकाळी आळ्याजवळ बसून माती बघायचो. जीव नुसता कासावीस व्हायचा.

बी जिवंतच असतं रे. आपल्याकडच्या पावसाळी हवेतली ओल ते ओढून घेतं, वर गॅसची ऊब. मग उगवायची ताकदच हळूहळू संपते. जाणकारांचा ठोकताळा असा, की बियांतला ओलावा एक टक्क्यानं उतरला की आयुष्य साधारण दुप्पट, आणि पाच अंशांनी गारवा वाढला की पुन्हा दुप्पट. आई बियाचा दोडका वाळवून चुलीवर टांगायची, त्यानं बी कोरडं राहायचं. धुरानं किडाही लागत नसे. आता घरात चूलच नाही.

म्हणून तू असं कर. बी सावलीत, वाऱ्यावर वाळव. कडक उन्हात नको. मग काचेच्या घट्ट बरणीत घाल. तांदूळ कोरडे भाजून, पूर्ण गार करून त्यांची पुरचुंडी तळाशी ठेव, ओल ती ओढते. बरणी फ्रीजमध्ये. बाहेर काढलीस की लगेच उघडू नको, घरच्या हवेइतकी होऊ दे. नाहीतर गार बियांवर दव धरतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

वांगी-टोमॅटोचं बी असं चार-पाच वर्षं टिकतं. कांद्याचं मात्र दरवर्षी ताजंच घे. फणसाच्या आठळ्या वाळवल्या की मरतात, त्या लगेच लावायच्या.

लावायच्या बिया आधी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव. मोड येतील त्याच आळ्यात घाल, म्हणजे किती जिवंत आहेत तेही कळेल.

आणि वेलावरचा एक चांगला दोडका भाजीला तोडू नको. वाळून तपकिरी झाला, हलवल्यावर आत खुळखुळला, की मला फोन कर. मी येतो.

तुझाच,
बाळू