‘चेक’ म्हणजे नुसती तपासणी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी बातमीचे मराठी करताना ‘चेक’ दिसला की हात आपोआप ‘तपासणी’कडे जातो. मग ‘हेल्ड इन चेक’ असलेला वणवा ‘तपासणीत ठेवला’ जातो आणि ‘चेक्स अँड बॅलन्सेस’च्या ‘तपासण्या व शिल्लक’ होतात. वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. खरे तर हा शब्द मराठी माणसाला अडू नये, कारण त्याचे मूळ आपल्या तोंडी आहेच : शह.

फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर चाल आली की ‘शाह’ म्हणून प्रतिस्पर्ध्याला सावध करीत. खेळ भारतातून इराणात, तिथून अरबांमार्फत युरोपात गेला. त्याच्याबरोबर हा शब्दही गेला : लॅटिनमध्ये ‘स्काकस’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, इंग्रजीत ‘चेक’. ‘चेस’ हे त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आले. ‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’. आपले ‘मात करणे’ही त्याच पटावरचे. आणखी मागे गेले तर ‘शाह’ आणि संस्कृत ‘क्षत्र’ एकाच धातूच्या कुळातले निघतात.

शह बसला की बाकी सगळे बेत बाजूला ठेवून आधी राजाला वाचवावे लागते. म्हणून पटाबाहेर ‘चेक’चा आधीचा अर्थ अडवणे, आवर घालणे असा आहे. लबाडीला आळा बसावा म्हणून ताडून पाहणे, आणि त्यातून तपासणे, हा अर्थ बराच नंतरचा. मुलुंडच्या चेकनाक्यात दोन्ही अर्थ आहेत : गाडी अडवायची, मग तपासायची.

बँकेतला चेकही आळा घालण्यातूनच आला. 18 व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ‘चेक’ म्हणजे मागे राहणारी स्थळप्रत. कागदावरची रक्कम कुणी खोडून बदलली तर स्थळप्रतीशी ताडून ती पकडता येई. पुढे नाव स्थळप्रतीवरून मूळ कागदावर सरकले. ब्रिटिश स्पेलिंगमधला ‘क्यू’ एक्स्चेकर, म्हणजे सरकारी खजिना, या शब्दाच्या प्रभावाने आला. अमेरिकनांनी ‘सीके’च ठेवला.

हा एक्स्चेकर म्हणजे मुळात एक मेज. 12 व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल त्यावर मोजला जाई, आणि खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. सुमारे 10 फूट लांब, 5 फूट रुंद, वरचे काही घरंगळू नये म्हणून चार बोटे उंच काठ. वर काळे कापड, त्यावर फूटभर किंवा वीतभर अंतराने रेघा. रकाने पेनीचे, शिलिंगचे, पौंडाचे, मग विसाचे, शंभराचे, हजाराचे. पेनीच्या रकान्यात 12 सोंगट्या भरल्या की त्या उचलून शिलिंगमध्ये एक. 20 शिलिंग झाले की पौंडात एक. देणे एकीकडे, भरणा दुसरीकडे. अक्षरओळख नसलेल्यालाही बाकी डोळ्यांनी दिसे. समोरासमोर खजिनदार आणि शेरीफ (राजाचा महसूल गोळा करणारा जिल्ह्याचा अधिकारी), मध्ये चौकडीचा पट, म्हणून बुद्धिबळाच्या पटाचेच नाव त्या मेजाला पडले. आपल्या चेक्सच्या शर्टाचे नावही त्याच पटावरून. आपला जुना अष्टापद, म्हणजे आठ बाय आठ घरांचा पट, एकरंगी असे. दुरंगी चौकटी युरोपातल्या.

भाषांतर करताना आधी एवढेच पाहावे, की वाक्यात कुणी कुणाला अडवते आहे का. अडवत असेल तर शह, आळा, लगाम, वचक यांपैकी जो शब्द बसेल तो घ्यावा. म्हणजे वणवा ‘आटोक्यात ठेवला’, आणि ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणजे सत्तेच्या अंगांनी एकमेकांवर ठेवलेला अंकुश व तोल. मजकूर हिंदीवरून घेतला असेल तर जास्त जपावे. हिंदीत ‘शह देना’ म्हणजे फूस देणे, मराठीत शह देणे म्हणजे कोंडी करणे, अगदी उलट. अमेरिकन मजकुरात हॉटेलात मागवलेला ‘चेक’ म्हणजे बिल, आणि यादीतल्या नावापुढचा ‘चेक’ म्हणजे बरोबरची खूण. ‘चेकर्ड पास्ट’मध्ये तपासणीचा संबंधच नाही : पटावरच्या काळ्या-पांढऱ्या घरांसारखा, बऱ्यावाईटाने भरलेला पूर्वेतिहास. आपल्या बातमी विभागाने निदान हे तीन-चार प्रयोग मेजावर लिहून ठेवावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे