लंडन की पॅरिस? आधी व्हिसा बघा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा मोसम जवळ आला की ‘लंडन-पॅरिस, सहा रात्री सात दिवस’ अशा जाहिराती पानभर झळकू लागतात. कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या ट्रॅव्हल एजंटकडे चौकशीला गेलं तरी हेच माहितीपत्रक पुढे सरकवलं जातं. आठवड्याभराच्या रजेत ही दोन शहरं एकत्र करू नयेत, एकच निवडावं, आणि ते आयफेल टॉवर किंवा बिग बेनच्या फोटोवरून न निवडता व्हिसा आणि बरोबर येणारी माणसं बघून निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हिसापासून सुरुवात करतो, कारण घोळ तिथेच होतो. फ्रान्स शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, ब्रिटन नाही. म्हणजे अर्ज दोन, फी दोन, बोटांचे ठसे दोनदा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निघायला पंधरा दिवस उरेपर्यंतच. ब्रिटनचा अर्ज मात्र प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच घेतात. शेंगेनचा निकाल पंधरा दिवसांत द्यावा असा नियम आहे, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबवायची मुभाही त्याच नियमात आहे. ब्रिटनला साधारण तीन आठवडे धरावेत. शेंगेनचा अर्ज चालू असताना पासपोर्ट व्हिसा-अर्ज केंद्राकडेच असतो, आणि पासपोर्टशिवाय ब्रिटनच्या केंद्रावर कोणी उभं करत नाही. त्यामुळे दोन्ही करायचीच असतील तर आधी शेंगेन उरकावं आणि पासपोर्ट हातात आला की ब्रिटनचा अर्ज टाकावा. उलट क्रमाने गेलं की दोन्ही कामं शेवटच्या तीन महिन्यांत कोंबावी लागतात. मेच्या सुट्टीसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये जी धावपळ उडते, ती बहुतेक यामुळेच.

दुसरा सापळा परतीच्या विमानाचा. पॅरिसला उतरायचं, तिथून रेल्वेने लंडनला जायचं आणि परतीचं विमान पुन्हा पॅरिसहून पकडायचं, असा बेत स्वस्त तिकिटाच्या नादात आखला जातो. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर लंडनला गेल्याक्षणी तो संपतो. परत येताना लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरच फ्रेंच अधिकारी पासपोर्ट तपासतात आणि गाडीत बसूच देत नाहीत. दोन्ही शहरं करणाऱ्याने एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतावं, नाहीतर अर्जातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि तो तसाच छापून आलाय का हे पासपोर्ट मिळताच तपासावं.

फीचं गणितही कुटुंबाप्रमाणे बदलतं. जून २०२४ पासून शेंगेनची फी प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि सहाच्या आतल्यांना माफ आहे. ब्रिटनच्या एप्रिल २०२५ च्या दरपत्रकात सहा महिन्यांच्या व्हिसाला १२७ पौंड लावले, आणि तिथे वयाची सवलत नाही. पाळण्यातल्या बाळालाही तेवढेच. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. ब्रिटनला सक्ती नाही, पण ज्येष्ठ बरोबर असतील तर तोही काढावाच.

कागदपत्रांत एकच गोष्ट ठळकपणे सांगतो. अर्जाच्या आठ-पंधरा दिवस आधी खात्यात अचानक दोन-तीन लाख भरले की अधिकाऱ्याची शंका वाढते. जमीन विकली, एफडी मोडली, द्राक्षाचे पैसे आले, काहीही असो, त्याचा कागद जोडावा. शेतीचं उत्पन्न असेल तर सातबारा आणि व्यापाऱ्याच्या पावत्यांचं इंग्रजी भाषांतर लावावं. फ्रान्स हॉटेल आरक्षण असलेल्या माणसाकडे दिवसाला ६५ युरो बघतं, आरक्षण नसेल तर १२०. आणि केंद्रावरची सकाळी नऊची वेळ मुंबईकरांसाठी सोयीची. पंचवटी एक्स्प्रेसने जाणाऱ्याने बारानंतरचीच घ्यावी.

आता त्या ‘सात दिवसां’कडे वळू. सातातला पहिला आणि शेवटचा दिवस विमान आणि विमानतळ खातो. मुंबईहून दोन्ही शहरांना थेट विमान नऊ-दहा तासांचं, त्याआधी नाशिकहून निघणं वेगळं. समृद्धीमुळे आमण्यापर्यंत गाडी भुर्रकन जाते. खरी कसोटी पुढे भिवंडी-ठाण्यात लागते, आणि विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं असतं. उरले पाच दिवस. त्यातला एक दिवस शहर बदलण्यात जातो. लंडन-पॅरिस युरोस्टार रेल्वे सव्वादोन तासांत पोहोचवते हे खरंच, पण हिशेब मांडून बघा: दहाला खोली सोडायची, गाडीच्या तास-सव्वातास आधी स्टेशनवर, दोन देशांची पासपोर्ट तपासणी, सव्वादोन तास प्रवास, पॅरिसचं घड्याळ एक तास पुढे, तिथल्या गार द्यू नोर स्टेशनहून सामान ओढत हॉटेल, खोली बहुधा तीननंतर. संध्याकाळ झालेली असते. चार दिवसांत दोन राजधान्या म्हणजे ‘फोटो स्टॉप’ची सहल. बस थांबते, दहा मिनिटं मिळतात, पुन्हा बस.

दुसरं ठिकाण हवंच असेल तर ते व्हिसाच्या कुंपणातलंच घ्यावं. लंडनबरोबर बाथ किंवा एडिंबरा. किंग्ज क्रॉसहून रेल्वेने एडिंबरा साडेचार तासांवर आहे. पॅरिसबरोबर ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम किंवा स्वित्झर्लंड. फक्त ज्या देशात रात्री जास्त, अर्ज त्याच देशाकडे करायचा. रात्री समान असतील तर पहिला प्रवेश ज्या देशात, त्याच्याकडे. फ्रान्सची वेळ मिळत नाही म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करून हॉटेलं पॅरिसची दाखवणं म्हणजे नकाराला आमंत्रण.

आता निवड. पहिलीच परदेशवारी, बरोबर सत्तरीतले आई-वडील आणि शाळकरी मुलं, तर लंडन. भाषा हे एक कारण झालं, पण त्याहून मोठं कारण जिने. पॅरिसची मेट्रो १९०० सालची. १४ नंबरची लाइन सोडली तर बहुतेक स्टेशनांत लिफ्ट नाही आणि गाडी बदलताना लांबच लांब बोळ आणि पायऱ्या. गुडघेदुखीच्या माणसाला दिवसाकाठी चार-पाच वेळा ते चढणं-उतरणं म्हणजे तिसऱ्या दिवशी हॉटेलातच मुक्काम. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ ची, म्हणजे आणखी जुनी, आणि तिथेही निम्म्याहून जास्त स्टेशनांवर पायऱ्या आहेतच. पण २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन हीथ्रोपासून शहराच्या मध्यापर्यंत लिफ्टसह जाते आणि प्रत्येक लाल बसला रॅम्प असतो. हॉटेल या लाइनच्या जवळ घेतलं की निम्मा त्रास वाचतो. पॅरिसला ज्येष्ठांना नेणाऱ्याने मेट्रोचा हट्ट सोडून बसने फिरावं.

मुलांसाठी लंडनची संग्रहालयं हा तर खजिनाच. ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्ट्री, सायन्स म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅशनल गॅलरी, सगळ्यांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेश मोफत आहे. त्यामुळे मूल कंटाळलं तर तासाभरात बाहेर पडता येतं, पैसे बुडाल्याचं दुःख नाही. पॅरिसला लूव्र संग्रहालयाचं तिकीट जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या पाहुण्यांना ३२ युरो झालंय. अठराच्या आतल्यांना ते मोफत आहे हे मात्र जाहिरातवाले सांगत नाहीत, तेव्हा ‘मुलांचं तिकीट धरून’ असं कोणी म्हणालं तर विचारा, कशाचं?

नाशिककरांना लंडनमध्ये आपलं म्हणावं असं बरंच काही सापडतं. भगूरचे सावरकर ज्या इंडिया हाउसमध्ये राहिले, ते हायगेट भागातलं ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू. घर खासगी आहे, बाहेरून निळी पाटी बघून यायचं, आत शिरू नये. बाबासाहेबांचं १० किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतलं. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके १९१२ मध्ये कॅमेरा घ्यायला लंडनलाच गेले होते. वाघनखं बघायला व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये जाणाऱ्यांना एक सूचना: ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली. जाण्याआधी ती परत गेलीत का ते बघा. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ तिथे आहे. कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये, आणि तिथलं तिकीट घसघशीत.

मग पॅरिस कुणी करावं? नवरा-बायको दोघंच असतील, पायी फिरायची हौस असेल, चित्रं-इमारती-रस्त्यावरच्या कॉफीत मन रमत असेल, तर डोळे मिटून पॅरिस. मध्यवर्ती पॅरिस पायी फिरण्यासारखं आहे. नोत्र दाम चर्च ते लूव्र ते ओर्से संग्रहालय सेन नदीच्या काठाने चालत होतं. आगीनंतर नोत्र दाम डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं, आत जायला तिकीट नाही. दिवाळीत जाणाऱ्यांसाठी उजेडाचाही मुद्दा आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन्हीकडे घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लंडनला साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो, पॅरिसला जवळपास साडेपाचला. चार दिवसांत संध्याकाळचा उजेड जवळपास चार तास जास्त, सकाळी मात्र पॅरिसला उजाडतंही उशिरा. नाताळात लंडनचा बेत असेल तर २५ डिसेंबरला तिथे भुयारी रेल्वे, बस काही चालत नाही, त्या दिवसाचं जेवण आणि हॉटेल पायी अंतरात ठेवावं.

पॅरिसचे वार सांभाळावे लागतात. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. सोमवारी पोहोचून बुधवारी निघणाऱ्या सहलीत नेमकं काय बघायला मिळेल ते तुम्हीच बघा. आयफेलच्या लिफ्टची तिकिटं साठ दिवस आधी ऑनलाइन खुली होतात आणि सुट्टीच्या दिवसांत लवकर संपतात. संपली तर दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्यांचा जिना आहे. गुडघे धड असतील तर रांगही लहान मिळते. पॅरिसला गेलो की द्राक्षबागा बघू, असं काहीजण धरून चालतात. मोंमार्त्र टेकडीवर एक इटुकली बाग आहे, दिंडोरी-निफाडच्या माणसाला हसूच येईल. शँपेनच्या खऱ्या बागांसाठी गार द ल’एस्तहून रेल्वेने पाऊण तासावरच्या रँसला जावं लागतं.

प्रवासाच्या पासांत दोन्हीकडे पैसे वाया जातात. पॅरिसचा नाविगो साप्ताहिक पास सोमवार ते रविवार असाच चालतो. गुरुवारी घेतला तरी रविवारी रात्री संपला. तो घ्यायला कार्ड आणि छोटा फोटो लागतो, तेव्हा फोटो नाशिकहूनच काढून न्यावा. सोमवारी-मंगळवारी उतरणाऱ्याला हा पास फायद्याचा, कारण विमानतळ आणि व्हर्साय दोन्ही त्यात येतात. लंडनला बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटला टेकवलं की पुरतं, पण एका कार्डावर एकच माणूस. घरातल्या चौघांत एकच फॉरेक्स कार्ड असेल तर बाकीच्यांना ऑयस्टर हे तिथलं प्रवासाचं कार्ड घ्यावं लागेल. स्टेशनात शिरताना कार्ड टेकवलं आणि बाहेर पडताना मोबाइल, तर दोन्हींवर जादा पैसे कापले जातात. अकराच्या आतली मुलं मोठ्यांबरोबर फुकट. ११ ते १५ च्या मुलांसाठी ऑयस्टर घेऊन स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून ‘यंग व्हिजिटर’ सवलत त्यावर घालून घ्यावी, निम्मं भाडं लागतं. बँक कार्डावर ती मिळत नाही. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत.

जेवणाबद्दल थोडक्यात. लंडनला वेम्बली, साउथॉल आणि यूस्टनजवळची ड्रमंड स्ट्रीट आहे म्हणजे शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. पॅरिसला ला शापेलच्या आसपास दक्षिण भारतीय जेवण मिळतं, मारे भागात फलाफल, म्हणजे चण्याचे वडे. पण तिथल्या रेस्तराँचं स्वयंपाकघर दुपारी दोनच्या सुमारास बंद होतं ते संध्याकाळी सातला उघडतं. तीनला जेवायची सवय असलेल्यांची पंचाईत होते. कांद्याचं सूप शाकाहारी समजून मागवू नका, ते गोमांसाच्या रश्शात करतात. बऱ्याच फ्रेंच चीजमध्ये रेनेट, म्हणजे जनावराच्या पोटातलं दूध साकळवणारं द्रव्य असतं, कडक शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं.

खरेदी करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: ब्रिटनने पर्यटकांना व्हॅट परत देणं २०२१ पासून बंद केलं. फ्रान्समध्ये एका दुकानात १०० युरोंच्या वर खरेदी केली की कर-परतीचा फॉर्म मिळतो. विमानतळावर सामान बॅगेज पट्ट्यावर सोडण्याआधी तो यंत्रावर स्कॅन करावा, नंतर केला तर उपयोग नाही.

आपल्याला एक विनंती. सहलींच्या जाहिराती छापताना व्हिसा फी, प्रवेश तिकिटं, शहर कर आणि जेवणं दरात धरली आहेत की नाहीत, आणि कोणतं स्थळ आतून, कोणतं बाहेरून, एवढं तरी ठळक टाइपात छापण्याची अट घालावी. जाहिरातीतलं ‘फोटो स्टॉप’ हे बारीक अक्षर वाचायला भिंग लागतं.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक