खड्ड्यांचा नव्हे, रस्त्यांचा हिशेब हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी गणपती जवळ आले की नगरपालिका भर पावसात रस्त्यांवर खडी आणि कोल्ड मिक्स (न तापवता वापरायचे डांबर-खडीचे मिश्रण) ओतते आणि दसऱ्यापर्यंत ते वाहून गेलेले असते. एका नगरपालिकेत बांधकाम विभागात नोकरी केलेला मनुष्य म्हणून सांगतो, की कोणता रस्ता केव्हा खराब होणार हे बऱ्याच अंशी आधी कळते. उन्हाने डांबर कडक होते, बारीक तडे पडतात, त्यांतून पाणी खाली मुरून पाया मऊ होतो आणि मग रस्ता भराभर बसतो. तडे दिसू लागतात तेव्हाच सीलकोट, म्हणजे तडे बुजवणारा डांबराचा पातळ थर, दिला तर थोडक्यात भागते. पाया गेल्यावर मात्र रस्ता उखडून नव्याने करावा लागतो.

रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत तडे, सुटलेली खडी, खड्डे आणि चाकोऱ्या पाहून रस्त्याला चांगला, मध्यम किंवा खराब अशी श्रेणी देण्याची रीत आहे. त्यासाठी महागडे यंत्रच हवे असे नाही. टेप, वही आणि पायी फिरण्याची तयारी असलेला कनिष्ठ अभियंता पुरे. (आमच्या वेळी ही वही अभियंत्याच्या डोक्यातच असे आणि त्याच्या बदलीबरोबर गावाबाहेर जाई.) श्रेणीच्या जोडीला रस्त्याचे वय, जलवाहिनीसाठी झालेली खोदाई, दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत बिघाड ठेकेदारानेच दुरुस्त करायचा असतो) संपण्याची तारीख आणि अवजड वाहतूक यांची नोंद हवी. वाहनाच्या आसावरचा (ॲक्सलवरचा) भार दुप्पट झाला की रस्त्याचे नुकसान सुमारे १६ पट होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून साखरपट्ट्यातील गावांत उसाच्या ट्रॉल्या ज्या रस्त्याने कारखान्याला जातात, तो रस्ता शेजारच्या गल्लीच्या कितीतरी आधी दुरुस्तीला येणार, हे गाळप सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवता येते.

अशी पाहणी पावसाळा संपताच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाली, तरच तिचे आकडे पुढच्या अंदाजपत्रकात येतील आणि डांबरीकरण मे महिन्यात उरकेल. आज अंदाजपत्रकात मागच्या वर्षीची रक्कम थोडी वाढवून लिहिली जाते आणि रस्ते निवडले जातात ते नगरसेवकांच्या आग्रहावरून. पालिकेने रस्तानिहाय श्रेणी आणि पुढील ३ वर्षांच्या दुरुस्तीचा अंदाज अंदाजपत्रकासोबत प्रसिद्ध करावा, म्हणजे श्रेणी 'चांगली' असलेल्या रस्त्यावर पुन्हा डांबर का पडते, हे नागरिकांना विचारता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता, सातारा